केशराचं फूल मे महिन्यात ठरतं

ऑक्टोबर संपत येतो, ट्रेमध्ये हिरवी पाती सुईसारखी वर येतात, आणि फुलं मात्र शंभर कंदांमागे पाच-सात. विदर्भात बंद खोलीत केशर लावणाऱ्यांची ही सगळ्यांत नेहमीची तक्रार. मग ऑक्टोबरातली चूक शोधणं सुरू होतं: दिवा कमी पडला का, कुठलं टॉनिक राहिलं का, ह्युमिडिफायर मोठा हवा होता का. चूक बहुतेक वेळा मे-जूनमध्ये होऊन गेलेली असते. कंद टिनाच्या खोलीत नाहीतर पडवीत पोत्यात पडून होते, बाहेर पारा ४४ वर होता, आणि कंदाच्या आत फूल धरायच्या वेळीच ते जळालं. वरून कंद ठणठणीत दिसतो, पण त्यातून येतात फक्त पानं.

म्हणून फुलांची संख्या, काडीची (फुलातला लाल तंतू, तेच केशर) लांबी आणि रंग सुधारायचा असेल तर दोन गोष्टींवर जीव लावा: मागच्या हिवाळ्यात कंद किती पोसला, आणि उन्हाळा-पावसाळ्यात त्याला किती तापमान मिळालं. फुलोऱ्याच्या वेळी खत देऊन काही होत नाही. त्या वेळी कंदाला धड मुळंही नसतात, फूल सगळं कंदातल्या साठ्यावर उमलतं.

केशराला बी येत नाही. हे झाड त्रिगुणित आहे (गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच), म्हणून वंध्य आहे, वाढतं ते कंदातूनच. त्यामुळे ‘केशराचं बी’ म्हणून जे पाकीट ऑनलाइन मिळतं ते बहुधा करडईचं असतं, आणि करडई विदर्भात कुणाला नवी नाही. केशराची सुधारित जात विकत घेऊन प्रत वाढवायची सोयच नाही, जे करायचं ते कंदावरच.

कंद निवडताना

वजन हाच निकष. ८ ग्रॅमच्या खालच्या कंदाला फूल क्वचितच येतं. १० ते १५ ग्रॅमला एक-दोन फुलं, २० ग्रॅमच्या पुढे तीन-चारही येतात. ‘मिक्स साइज’ स्वस्त पडतो, पण त्यातला अर्धा माल पहिल्या वर्षी नुसती पानं देतो. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या आणि आलेल्या मालातून न निवडता उचललेले पन्नास कंद एकेक करून तोला. नुसती सरासरी काढू नका, ८ ग्रॅमच्या खाली किती आहेत ते मोजा, पैसे देण्याआधी.

हिशेब आधीच मांडून ठेवावा. १० किलो कंद, सरासरी १२ ग्रॅम, म्हणजे ८३० च्या आसपास नग. दर कंदाला दीड फूल धरलं तर साडेबाराशे फुलं. एक ग्रॅम वाळलेल्या केशराला सुमारे १५० फुलं लागतात. हाती येतं साधारण ८ ग्रॅम, तेही सगळं नीट जुळलं तर. ‘शंभर किलो कंदात किलोभर केशर’ सांगणाऱ्याकडून कंदही घेऊ नयेत आणि प्रशिक्षणही.

कंद बोटांनी दाबून बघा. कांद्यासारखा घट्ट हवा. मऊ लागला, बुडाशी तपकिरी डाग दिसला, जाळीदार सालीखाली निळसर-हिरवी भुकटी दिसली तर बाजूला काढा. ती भुकटी पेनिसिलियम बुरशीची. बुडाकडून चढणारी तपकिरी सड बहुधा फ्युजेरियमची, आणि ती शेजारच्या कंदाला लागते. पोत्यातून आंबूस वास आला तर पोतं परत करा.

विक्रेत्याला एक प्रश्न जरूर विचारा: कंद जमिनीतून काढले कधी, आणि तेव्हापासून ठेवले कुठे? पुढचं सगळं गणित त्या तारखेपासून सुरू होतं.

आल्याबरोबर बाहेरची सुटी, माती लागलेली साल काढा, आतली चिकटलेली साल राहू द्या. मग १० लिटर पाण्यात कार्बेन्डाझिम ५० टक्के १० ग्रॅम आणि मॅन्कोझेब ७५ टक्के ३० ग्रॅम मिसळून कंद १० मिनिटं बुडवा. हातमोजे आणि मास्क हवेतच. रासायनिक बुरशीनाशक नको असेल तर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) वापरता येतो, पण दोन्ही एकत्र नाही. कार्बेन्डाझिमने ट्रायकोडर्माही मरतो आणि दोन्हींचे पैसे वाया जातात. बुडवल्यानंतर पंख्याखाली एका थरात २४ ते ४८ तास वाळवणं हे बुडवण्याइतकंच महत्त्वाचं. ओलसर कंद ट्रेमध्ये रचले की आठ दिवसांत बुरशी येते आणि दोष औषधाला जातो.

खोली

दहा बाय दहाची खोली पुरते, पण ती टिनाखाली नको. टिनाचंच छप्पर असेल तर त्याच्या आत ६० मिलिमीटरच्या पफ पॅनेलची (दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा फोम) वेगळी पेटी उभी करावी, भोवती हवेसाठी फूटभर जागा सोडून. अशा पेटीला एक टनाचा इन्व्हर्टर एसी भागतो. विटांच्या भिंतीला आतून थर्माकोल लावून काम चालवायचं असेल तर दीड टन धरा, आणि थर्माकोलच्या सांध्यांना टेप लावा. सांध्यातून गरम हवा येते, आणि जुलैत तिथेच पाणी सुटतं.

विदर्भाच्या उन्हाळ्याचा एक फायदाही आहे. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की आपला वूड-वूलचा डेझर्ट कूलर ४३ अंशांच्या हवेला २७-२८ पर्यंत आणतो. केशराची पेटी ज्या खोलीत आहे ती बाहेरची खोली कूलरवर ठेवली तर आतल्या एसीला ४३ शी नाही, ३० शी झुंजावं लागतं, आणि बिलात तो फरक दिसतो. मृगाचा पाऊस पडला की कूलर बंद. तेव्हा तो थंडावा देत नाही, नुसती ओल भरतो, आणि जुलैत ओल म्हणजे बुरशी.

एसी घेताना विचारायचा प्रश्न थंडपणाचा नाही: वीज जाऊन आल्यावर तो स्वतःहून आधीच्याच सेटिंगवर सुरू होतो का? रात्री दोनला वीज गेली, अडीचला आली आणि एसी कुणीतरी बटण दाबायची वाट बघत सकाळपर्यंत बंद राहिला, असं एकदा झालं तरी मे महिन्यात ते महागात पडतं. व्होल्टेज खालीवर होतं तिथे स्टॅबिलायझर लावा. कृषिपंपाच्या फीडरवर खोली चालवायचा विचार करू नका. तिथली वीज पाळीने येते, आणि तो जोडही नियमात बसत नाही.

वीज गेली तर खोलीने किती वेळ तग धरावा? २० लिटरचे दहा कॅन पाण्याने भरून रॅकखाली ठेवा. हे २०० लिटर पाणी खोलीबरोबर थंड होतं आणि वीज गेल्यावर बाहेरून येणारी उष्णता शोषून घेतं. पफच्या पेटीत यावर साधारण दोन तास निघतात, तेवढ्यात तापमान दोन-तीन अंशच चढतं. दार उघडायचं नाही एवढंच.

रॅक पाच कप्प्यांचे, दोन कप्प्यांत दीड फूट अंतर. ट्रे लाकडी किंवा जाळीच्या प्लास्टिकचा, खाली हवा खेळेल असा. कंद डोळा वर करून, एकमेकांना न चिकटता, एका थरात. ट्रेमध्ये ना माती, ना पाणी. वरचा कप्पा खालच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम असतो, त्यामुळे एक छोटा पंखा सतत फिरता ठेवा आणि दर आठवड्याला वरचे ट्रे खाली, खालचे वर करा. थर्मामीटर एसीच्या तोंडाशी लावण्यात अर्थ नाही, मधल्या कप्प्यात कंदांच्या उंचीवर टांगा.

आर्द्रता दाखवणारी तीन-चारशे रुपयांची डबी दहा-दहा टक्क्यांनी चुकते. घरच्या घरी तपासायची सोपी रीत आहे. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घ्या, पाण्याचे थेंब टाकून ओला लगदा करा (मीठ विरघळून जाऊ द्यायचं नाही), ते झाकण आणि ती डबी एका हवाबंद डब्यात रात्रभर ठेवा. आतली आर्द्रता ७५ टक्के होते. डबी ६८ दाखवत असेल तर ती ७ ने कमी दाखवते, तसं तिच्यावर पेनाने लिहून टाका.

५५ ते १५० दिवस

पानं वाळल्यावर कंद विश्रांती घेतोय असं वाटतं, पण आत फूल घडत असतं. त्याला २३ ते २७ अंश लागतात. या तापमानात किमान ५५ दिवस गेले की फुलं धरतात. त्यापुढे महिना-दोन महिने याच तापमानात ठेवलं तरी चालतं, पण १५० दिवसांच्या पुढे गेलं की घडलेली फुलं आतच सुकू लागतात. ३० अंशांवर फुलं कमी धरतात, त्याहून वर परिस्थिती आणखी बिघडते. उलट ९-१० अंशांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ठेवले तर फूल धरतच नाही. संत्र्यांसोबत कंदही कोल्ड स्टोरेजला टाकून येणं म्हणजे वर्ष घालवणं.

या काळात अंधार चालतो. आर्द्रता ७० ते ८० टक्के. ६० च्या खाली कंद आकसतात, ८५ च्या वर बुरशी धरते. दर पंधरा दिवसांनी एका खुणेच्या ट्रेचं वजन करा. महिन्याला तीन-चार टक्क्यांहून जास्त घट दिसली तर हवा कोरडी आहे.

फूल धरलं की नाही ते ऑक्टोबरपर्यंत थांबून बघायची गरज नाही. ऑगस्टच्या मध्यावर (कंद उशिरा काढलेले असतील तर ५५ दिवस भरल्यावर) दोन-तीन मोठे कंद बळी द्या. वरचा ठसठशीत डोळा नव्या ब्लेडने उभा चिरा आणि दहापट भिंगातून बघा. पांढऱ्या पात्यांच्या गाभ्यात पाकळ्यांची चिमुकली गुंडाळी आणि पुंकेसरांचे उंचवटे दिसले तर फूल आहे. नुसते पानांचेच पापुद्रे एकात एक दिसले तर त्या कंदात यंदा फूल नाही. तीनही कंदांत नसेल तर ऑक्टोबरात एसीचं बिल भरण्याआधी हे कळलेलं बरं: असा माल सरळ कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावून पुढच्या वर्षासाठी कंद पोसायला घ्यावा.

याच सुमारास बाजूचे डोळे खुडायचे. एका कंदाला वरच्या बाजूला एक ते तीन मोठे डोळे असतात आणि कडेने बारीक चार-सहा. बारीक डोळे ३ ते ५ मिलिमीटरचे असताना अंगठ्याच्या नखाने मोडा. ठेवले तर प्रत्येकाखाली एकेक पिल्लू कंद धरतो, साठा वाटला जातो, आणि पुढच्या वर्षी हाती बारा-पंधरा चिल्लर येतात. खुडले तर दोन-तीनच येतात, पण फूल देण्याच्या वजनाचे. ज्यांना कंदांची संख्या वाढवून विकायची आहे ते खुडत नाहीत, हे विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

तापमान उतरवणं

तारीख उलटीकडून मोजा. घरचे कंद २० मेला काढून २५ अंशांत ठेवले असतील तर १५० दिवस १७ ऑक्टोबरला भरतात, म्हणजे उतरवायला सुरुवात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. विकतचे कंद जुलैत काढलेले असतील तर अजून मोकळीक आहे, आणि ती वापरावी. ऑक्टोबर हीटमध्ये एसीला झिजवण्यापेक्षा दिवाळीच्या आसपास, रात्री आपोआप गार झाल्यावर खोली उतरवणं स्वस्त पडतं.

२५ वरून १७ वर एका रात्रीत आणू नका. दर दोन दिवसांनी एक अंश, असे सोळा दिवस. साधा स्प्लिट एसी १६ च्या खाली जात नाही, पण गरज १५ ते १७ ची आहे, त्यामुळे चांगल्या पेटीत त्यावर भागतं. एसी जसजसा ओढतो तसतशी हवा कोरडी होते, आणि आता कळीला ८० ते ८५ टक्के आर्द्रता हवी. अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायर लावा, पण त्यात आरओचं किंवा पावसाचंच पाणी घाला. बोअरचं पाणी घातलं तर पाण्यातला क्षार धुक्याबरोबर उडून कळ्यांवर पांढरी पावडर बसते, ती पुढे काडीवरही राहते.

दिवसाचे आठ-दहा तास साधा पांढरा एलईडी लावा. तो पाकळीच्या रंगासाठी आणि पाती लांबट-फिकी होऊ नयेत म्हणून. काडी मोठी करायला तो लागत नाही.

पांढऱ्या आवरणातून कळी बाहेर येऊन जांभळी होईपर्यंत दोन-तीन आठवडे लागतात. काय बिघडलं ते कळीवरून ओळखता येतं. टोक तपकिरी होऊन आवरणातच चिकटलं तर हवा कोरडी पडली. कळी बाहेर आली पण नळी आखूड राहून फूल चुरगळलं तर तापमान २० च्या वर गेलं असावं. कळीवर राखाडी लव दिसली तर ओल जास्त आणि हवा कुंद. पंख्याची दिशा बदला आणि ती कळी हाताने न झटकता पिशवीत घालून बाहेर न्या.

तोडणी आणि वाळवण

फूल पूर्ण उमलायची वाट पाहू नका. पाकळ्या पेल्यासारख्या असताना, सकाळी, बुडाच्या नळीपाशी चिमटीत धरून तोडा. उशीर झाला की पिवळे पुंकेसर फुटतात आणि पराग काड्यांना चिकटतो. तो झटकून निघत नाही आणि रंगाची प्रत खाली आणतो. खोलीत फुलं आठ-पंधरा दिवसांत आटोपतात, रोज तोडावी लागतात, आणि तोडल्या दिवशीच काड्या वेगळ्या करायच्या. दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या फुलातली काडी पाकळीला चिकटून तुटते.

तीन लाल काड्या जिथे एकत्र येतात त्या सांध्याच्या किंचित वर कापलं की नुसता लाल भाग येतो. बाजारात त्याला मोगरा म्हणतात. पिवळ्या देठासकट ठेवलं की लच्छा. देठात रंग जवळपास नसतो, फक्त वजन असतं.

वाळवण्यात बरेच जण मेहनत मातीत घालतात. सावलीत दोन-तीन दिवस वाळवलं तर काडी ओली असतानाच आतला रंग मोडत जातो. उन्हात टाकलं तर उडतो. गरम हवेच्या छोट्या ड्रायरमध्ये ४५ ते ५० अंशांवर, बटर पेपरवर एकेरी थरात वाळवा. साधारण पाच-सहा तास लागतात, पण घड्याळापेक्षा काट्यावर विश्वास ठेवा. ताज्या काडीत सुमारे ८० टक्के पाणी असतं. १० ग्रॅम ओल्या काड्यांचे २.२ ग्रॅम झाले की आत १० टक्क्यांच्या आसपास ओलावा राहिला, तिथे थांबा. १२ च्या वर ठेवलं तर बरणीत बुरशी येते, फार खाली नेलं तर काडीचा चुरा होतो. आयएसओ ३६३२ हे केशराचं आंतरराष्ट्रीय मानक काड्यांसाठी १२ टक्के हीच मर्यादा धरतं, आणि रंगाची ताकद २०० किंवा जास्त आली तर पहिली श्रेणी देतं. घाऊक विकणार असाल तर एकदा प्रयोगशाळेत हा आकडा काढून घ्या, ग्राहकाशी बोलायला तोच कामाचा.

गडद काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, गार जागी ठेवा. वाळल्या वाळल्या वास कमी वाटतो. घाबरू नका, तो महिनाभराने भरतो. फ्रीजमध्ये ठेवलंच तर बरणी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडा, नाहीतर आत दव धरतं.

लेबलवर ‘काश्मिरी’ लिहायचं नाही. काश्मीरच्या केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि कंद पांपोरचा असला तरी वरोऱ्याच्या खोलीत उमललेलं फूल काश्मिरी होत नाही.

पाण्यावरची (मातीविना, हायड्रोपोनिक) शेती खरी इथून सुरू होते

फुलं संपली की बहुतेकांचा उत्साहही संपतो, कंद ट्रेमध्येच पडून राहतात. इथेच पुढच्या वर्षीचं फूल जातं. आईकंद आता आकसून मरणार, आणि त्याच्या डोक्यावर नवे कंद धरणार. ते ५ ग्रॅमचे होणार की १५ ग्रॅमचे, हे पुढच्या पाच महिन्यांच्या मुळं, पानं आणि पाण्यावर ठरतं. शेवटचं फूल तोडल्यापासून आठवड्याच्या आत लावा.

माध्यम: धुतलेलं कोकोपीट ७० टक्के, परलाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा धुतलेली जाड रेती ३० टक्के. भंडारा-गोंदियाकडे राइस मिलचं जळकं तूस फुकटात मिळतं, तेही रेतीच्या जागी चालतं, मात्र त्याचा पीएच चढा असतो, तीन-चार पाण्यांनी धुऊन घ्यावं. कोकोपीटची ५ किलोची वीट आधी साध्या पाण्यात फुगवा, निथळणाऱ्या पाण्याचा इसी (पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा विद्युतवाहकतेचा आकडा, मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटरमध्ये) ०.५ च्या खाली येईपर्यंत धुवा. मग २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर भिजवा आणि पुन्हा एकदा धुवा. ही पायरी गाळली तर कोकोपीट पहिले काही आठवडे खतातलं कॅल्शियम स्वतःच धरून ठेवतं, पानांची टोकं करपतात आणि शेतकरी खत वाढवत बसतो.

लावायची बॅग फूटभर खोल हवी. कंद ८ ते १० सेंटिमीटर खोल लावा, दोन कंदांत तेवढंच अंतर. नवे कंद जुन्याच्या वर धरतात, त्यामुळे उथळ लावले तर ते पृष्ठभागाशी येतात, तापतात आणि बारीक राहतात.

पाणी आधी तपासा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यावर हे पीक होणार नाही, त्यातला सोडियम मुळं मारतो. इतरत्रही बोअरचा इसी ०.५ च्या वर असेल तर आरओ किंवा पावसाचं पाणी वापरा. दहा बाय दहाच्या छपरावर ८०० मिलिमीटर पाऊस पडला तर सातेक हजार लिटर येतं, त्यातलं निम्मं जरी झाकलेल्या टाकीत साठवलं तरी छोट्या खोलीचं अख्खं वर्ष निघतं.

१०० लिटर आरओ किंवा पावसाच्या पाण्यासाठी डिसेंबरअखेरपर्यंतचं प्रमाण असं: कॅल्शियम नायट्रेट ५५ ग्रॅम, पोटॅशियम नायट्रेट म्हणजे १३:००:४५ हे ३० ग्रॅम, ००:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) हे १५ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम, १२ टक्क्यांचं चिलेटेड लोह दीड ग्रॅम, आणि बाकीची सूक्ष्म अन्नद्रव्यं पाकिटावरच्या मात्रेने. इसी १.२ च्या आसपास येतो. पीएच ५.८ ते ६.३ मध्ये आणा. कमी करायला पातळ केलेलं फॉस्फोरिक आम्ल थेंबाथेंबाने. लिंबाच्या फुलाने (सायट्रिक आम्लाने) पीएच उतरतो पण दोन दिवसांत परत चढतो.

कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत विरघळवा, बाकीचं दुसऱ्या. दोन्ही घट्ट द्रावणं एकत्र ओतली तर दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो. ते म्हणजे तुमचं कॅल्शियम, फॉस्फेट आणि सल्फेट, झाडाला न मिळणारं आणि ड्रिपर बुजवणारं. टाकीत आधी ९० लिटर पाणी, मग एक बादली, ढवळणं, मग दुसरी.

जानेवारीपासून कंद भरण्यासाठी पालाश (पोटॅशियम) वाढवायचं: कॅल्शियम नायट्रेट ४५, १३:००:४५ हे २०, ००:५२:३४ हे १५, ००:००:५० (पोटॅशियम सल्फेट) हे २०, मॅग्नेशियम सल्फेट ३० ग्रॅम. इसी जवळपास तेवढाच राहतो, पण नत्र उतरतं आणि पालाश चढतं. नत्र तसंच ठेवलं तर पानं गुडघ्याएवढी होतात, फोटोला छान दिसतात, खाली कंद मात्र गोटीएवढाच.

पाणी देण्यात हात आखडता ठेवा. डिसेंबरात आठवड्यातून दोनदा पुरतं. बॅग उचलून बघा, हलकी लागली तर द्या, आणि दिलेल्याच्या १५-२० टक्के खालून निथळेल इतकं द्या म्हणजे क्षार साचत नाहीत. निथळलेल्या पाण्याचा इसी २ च्या वर गेला तर एक पाळी साधं पाणी. कोकोपीट सतत ओलंचिंब राहिलं तर बुडाची सड आलीच.

आणि इथे विदर्भाचा हिवाळा कामी येतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रात्री १० ते १५, दिवसा २८-३० अंश आणि निरभ्र ऊन. या पानांना याहून चांगला दिवा विकत मिळत नाही. बॅगा सरळ अंगणात, उघड्या उन्हात ठेवा. भोवती बारीक जाळी मारा: उंदीर-घुशी कंद कुरतडतात, शेताजवळ असाल तर साळिंदर आणि रानडुक्कर रात्रीत रांगच्या रांग उकरतात.

दिवसाचा पारा ३२ च्या वर जायला लागला की बॅगा खोलीत आणा. इथून एप्रिलअखेरपर्यंत १८ ते २२ अंश, रोज दहा तास दिवा, चार बाय दोनच्या कप्प्याला ८० ते १०० वॅटचा पांढरा एलईडी. हे दोन-अडीच महिने टाळले तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातच पानं करपतात, आणि कंद भरायचा शेवटचा, सर्वांत मोलाचा टप्पा हुकतो. वीजबिल परवडत नसेल तर सगळ्या बॅगा आणू नका, मोठ्या कंदांच्या तेवढ्या आणा.

पानांची टोकं पिवळी पडू लागली की खत थांबवा, पुढे दोन आठवड्यांनी पाणीही. पानं पूर्ण वाळू द्या, हिरवी कापू नका, त्यातलं अन्न अजून खाली उतरत असतं. मेच्या मध्यावर माध्यम कोरडं असताना बॅग उलटी करा, जुन्या कंदाची वाळकी चकती नव्याच्या बुडापासून मोडून काढा आणि तीन ढीग करा: १० ग्रॅमच्या वरचे, ६ ते १० मधले, आणि त्याखालचे. पहिला ढीग त्याच दिवशी २५ अंशांत ट्रेवर गेला पाहिजे, काढल्याची तारीख ट्रेच्या कडेला मार्करने लिहून. मधल्या ढिगाला कप्पा उरला तर तोही. चिल्लर कंदांसाठी थंड कप्पा अडवायची गरज नाही, ते घरातल्या सर्वांत गार, हवेशीर कोपऱ्यात जाळीच्या पिशवीत टांगून ठेवा आणि ऑक्टोबरात फुलाची वाट न पाहता थेट कोकोपीटमध्ये लावा.